गोणपाटाचे दात

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. वडील गेले तेव्हा शेवटचे तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो. अर्धी गोष्ट त्यांना ठाऊकच होती, उरलेली अर्धी सांगायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी नाही बोललो. पाणी पाजलं, चादर सारखी केली.

आता लिहितोय. लिहिणं हा माझा धंदाच आहे, म्हणून त्याचं फार कौतुक नको. उलट तिथूनच सुरुवात करायला हवी — धंद्यापासून.

'गोणपाट' ही मालिका तुम्ही पाहिली असेल. नसेल, तर कुणीतरी मोबाईलवर त्यातला हाणामारीचा तुकडा पाठवला असेल. ती मी लिहिली. म्हणजे मूळ माझी नाही. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवर चित्रांच्या बारक्या पुस्तिका मिळायच्या, त्यातला हा हिरो. गोदीतला हमाल. तोंडावर पोत्याचा बुरखा, हातात पोती ओढायचा लोखंडी हूक. कुणी गरिबाला नाडलं की हा यायचा आणि हूक चालवायचा. बस, एवढंच. त्याच्या आईला कुणी मारलेलं नव्हतं, बहिणीवर कुणी हात टाकलेला नव्हता. पहिल्या पानावर मारायला लागायचा, शेवटच्या पानापर्यंत मारत राहायचा. आणि बुरख्याला तोंडापाशी एक फट असायची. त्या फटीतून त्याचे दात दिसायचे. मारताना तो हसायचा.

आमच्या घरात त्याला जरा जास्तच मान होता, कारण वडील माथाडी. साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहणारे. त्यांचा हूक दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असायचा. त्या हुकाचे आमच्याकडे नियम होते. कुणाला द्यायचा तर मूठ पुढे करून द्यायचा, टोक आपल्याकडे. खेळायला घ्यायचा नाही. माणसासमोर उगारायचा तर नाहीच — गमतीतसुद्धा नाही. मार्केटात भांडणं व्हायची, गचांड्या धरल्या जायच्या, पण हात उचलायच्या आधी माणूस हूक खाली ठेवायचा. हे मला सात-आठ वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. लक्षात ठेवा हे. मला माहीत होतं.

तर मालिका. बेलापूरला एका काचेच्या इमारतीत आम्ही चार लेखक बसायचो. रिया नावाची हुशार मुलगी आमच्यावर देखरेख ठेवायची, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर लिहिलं — 'तो का मारतो?' आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, ते जुनं पुस्तक मी वाचलं. हा माणूस सायको वाटतो. आजकाल असं नाही चालत. ऑडियन्सला आधी रडू आलं पाहिजे, मग मार आपोआप गोड लागतो."

मार गोड लागतो. त्या वाक्याला मी हरकत घेतली का? नाही. मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

मग आमची शर्यतच लागली. कुणी त्याचा बाप मारला, कुणी त्याची झोपडी जाळली. रिया मान हलवायची — हे सगळं पाहिलेलं आहे, खरं वाटलं पाहिजे, मातीतलं पाहिजे. चौथ्या दिवशी मी बोललो. इतका वेळ गप्प बसलेला वयस्कर माणूस बोलला की सगळे ऐकतात. मी म्हणालो, एक सुकटवाला आहे. सायकलवरून सुकी मासळी विकत वसाहतीतून फिरतो. हिरव्या मुठींची सायकल, मागे टोपली, डोक्यावर पांढरी टोपी, वरचा एक दात पडलेला. 'ए सुकाऽट, बोंबील, जवलाऽ' अशी आरोळी देतो आणि आरोळी संपली की घंटी दोनदा वाजवतो. सगळ्या घरांत त्याची ओळख. आणि हा माणूस पोरं पळवतो. टोपलीत, सुकटाखाली. हिरोची भाची नेतो. ती सापडत नाही. तिथून हमालाचा गोणपाट होतो.

खोली गार पडली. रिया म्हणाली, "सर, ही घंटी! अंगावर काटा आला. हे कुठून आणलंत?"

मी हसलो फक्त.

आणखी एक गोष्ट मीच सुचवली. बुरख्याची ती फट शिवून टाकायची. दुःखी माणसाचे दात कशाला दिसायला हवेत? सगळ्यांना पटलं. कपडेपटातल्या माणसाने सुतळीने शिवून आणला बुरखा, मी स्वतः हातात घेऊन बघितला — कुठे फट राहिली नाही ना.

हे कुठून आणलंत, असं तिने विचारलं होतं. आता सांगतो.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही नेरूळला बैठ्या घरांत राहायचो, सारसोळे गावाला लागून. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वसाहतीत गणपतीचं मंडळ होतं. वडील अध्यक्ष आणि शिकलेला म्हणून मी चिटणीस. मंडळाच्या पत्र्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. त्या खोलीत नवा ॲम्प्लिफायर होता, सगळ्यांनी हौसेने आणलेला. तो मी कुणालाही न विचारता कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमीला नेला. वायरी उलट्यासुलट्या जोडल्या. जळका वास आला आणि तो बंद पडला.

वडिलांनी मला मारलं नसतं. ते मारायचे नाहीत. त्यांनी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं — मंडळाच्या बैठकीत उभं राहून, हात जोडून म्हणाले असते, माझ्या पोराने केलं, पदरात घ्या. त्यापेक्षा मार परवडला असता. ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी काय केलं? ॲम्प्लिफायर पोत्यात गुंडाळला, सायकलला बांधला, पहाटे भरतीच्या वेळी सारसोळ्याच्या जेट्टीवर गेलो आणि खाडीत सोडून दिला. परत येऊन खोलीचं कुलूप दगडाने फोडलं. आणि बोंब ठोकली — चोरी झाली.

इथपर्यंत पोरकटपणा म्हणता आला असता. पण शेजारचा संज्या, माझा जिवलग दोस्त, त्याने विचारलं, "कुणी संशयित दिसला का रे?" आणि मी — क्षणभरही न थांबता, बघा — म्हणालो, "तो सुकटवाला. काल दुपारी खोलीपाशी घुटमळत होता."

त्याचंच नाव का घेतलं? खरं तर नावही नव्हतं घेतलं, नाव माहीतच नव्हतं. पाच वर्षं तो दारावर यायचा. आई त्याच्याकडून जवळा घ्यायची. वरून मूठभर जास्त टाकायचा तो. मी त्याला निवडलं कारण तो एकटा होता. मोरा गावचा माणूस, सारसोळ्यात बहिणीकडे राहायचा, आमच्या वसाहतीत त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. एवढा हिशेब मी एका क्षणात केला. म्हणजे तो माझ्यात तयारच होता, नाही का?

रविवारी दुपारी तो आला. जेवणं उरकून पुरुष माणसं घरीच होती. आरोळी आली, घंटी वाजली दोनदा, आणि वीस-पंचवीस जण त्याच्याभोवती गोळा झाले. आधी प्रश्न. मग कुणीतरी सायकल पाडली. टोपली उलटली, सुकट रस्त्यावर सांडलं, आणि आम्ही सगळे त्याच्यावर उभे. पायांखाली बोंबील कडाकडा मोडत होते. त्या उन्हात तो वास — चेंगरलेल्या मासळीचा, घामाचा — एकतीस वर्षं माझ्या नाकातून गेलेला नाही. तो सारखा एकच म्हणत होता, "मना कनाला मारताव? सुकाट हाय, बगा ना. बगा टोपलीत." मला का मारता, असं विचारत होता. टोपली दाखवत होता. टोपलीत बघा म्हणत होता.

कुणीतरी हूक आणला.

ही गोष्ट मनातल्या मनात सांगताना मी नेहमी इथे 'कुणीतरी' म्हणत आलो. इतकी वर्षं. आता हे लिहितानाही हात आधी तोच शब्द लिहून गेला, आणि वर तो तुम्हाला दिसतोच आहे. खोडत नाही. राहू दे, म्हणजे कळेल तुम्हाला मी कसा आहे ते.

हूक मी आणला. आमच्या दाराशेजारच्या खिळ्यावरून. संज्याने त्याचा उजवा हात धरून ठेवला होता आणि मी हूक मनगटाच्या वर घातला आणि ओढला. पोतं ओढतात तसा. जोर कुठे लावायचा हे मला येत होतं, वडिलांना बघत मोठा झालो होतो ना.

आणि आता ते, जे अजून सांगायचं राहिलंय. तुम्हाला वाटेल मी घाबरलो होतो, पकडला जाईन म्हणून मारलं. तसं असतं तर बरं झालं असतं. ॲम्प्लिफायर मी त्या वेळी विसरलोच होतो. मला मजा येत होती. गर्दी मागे सरकून मला जागा देत होती, माझ्या नावाने ओरडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी होतो. मी हसत होतो. उघड, दात काढून.

हे मला कसं कळलं? वडिलांमुळे. ते झोपेतून उठून बनियनवर धावत आले. गर्दी फाटली. त्यांनी माझ्या हातातला हूक घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नव्हे — तोंडाकडे. तेव्हा मला ओठ मिटायचं सुचलं. ते एवढंच म्हणाले, "हूक पोत्याला लावायचा असतो." मग खांद्यावरचा पंचा काढून त्या माणसाचा हात बांधला, त्याला रिक्षात घातलं आणि घेऊन गेले. संध्याकाळी परत आले. काही बोलले नाहीत. त्या रात्री नाही, नंतरही कधी नाही. दुसऱ्या दिवशी मार्केटातून नवा हूक आणला. जुना पुन्हा त्या खिळ्यावर दिसला नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही. तो माणूसही गेला नाही. वसाहतीत तो पुन्हा आला नाही.

हा माझा सुकटवाला. याला मी बेलापूरच्या त्या थंडगार खोलीत नेलं, त्याची टोपी, त्याचा दात, त्याची घंटी टेबलावर मांडली आणि त्याच्या टोपलीत पोर कोंबलं. ज्या टोपलीत तो बघा म्हणत होता, त्याच टोपलीत. पहिल्या भागाच्या शेवटी गोणपाट त्याच्या मनगटात हूक घालतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात. मी वाशीच्या थिएटरात बसून ऐकल्या त्या, खास खेळ ठेवला होता तेव्हा. पाठीमागे एक बाई म्हणाली, "अस्संच पाहिजे मेल्याला." मला बरं वाटलं. शपथ घेऊन सांगतो, अंगातून गोड शिरशिरी गेली. तीच, जुनीच.

वर आणखी एक घाण केली. जाहिरातीसाठी मुलाखत होती, ती घेणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, हे खरं घडलंय का?" मी आवाज खाली आणून म्हणालो, "आमच्या वसाहतीतच. फार बोलवत नाही." किती खोल वाटलं असेल ना ऐकणाऱ्याला!

दोन दिवसांनी संज्याचा फोन आला. आता तो पनवेलला असतो. बऱ्याच वर्षांनी बोललो. "भावा, काय लिहिलंयस! तो आपला सुकटवालाच ना? पोरं पळवायचा साला? मग त्या वेळी बोलला का नाहीस?" मग त्याचा आवाज बदलला. "तुला सांगतो, इतकी वर्षं माझ्या छातीवर धोंडा होता रे. मी धरला होता ना त्याचा हात. झोपेत यायचा. आज उतरला बघ."

मी काय म्हणालो असेन? "हं," म्हणालो. ज्या एका माणसाला इतकी वर्षं लाज वाटत होती, त्याचीसुद्धा लाज मी काढून घेतली, आणि वर म्हणालो — हं.

जुन्या वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. संज्याने तिथे टाकलं. मग सगळ्यांना आठवायला लागलं. कुणाला तो पोरांना खाऊ द्यायचा ते आठवलं, कुणाला तो टोपली नेहमी झाकून ठेवायचा ते. सुकट झाकूनच ठेवतात, माश्या बसतात म्हणून — पण हे कुणी लिहिलं नाही. मीही नाही. मग कुणीतरी लिहिलं की त्याची पोरगी अजून नेरूळमध्ये सुकट घेऊन बिल्डिंगी फिरते, सांभाळा. ते तिथून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं. सेक्रेटरीने वॉचमनला सांगितलं, सुकटवालीला आत सोडायचं नाही. सगळ्यांनी संमतीचे अंगठे टाकले. माझाही अंगठा आहे त्यात. जाऊन बघितला तर अजून दिसेल.

गेल्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मी दूध घेऊन येत होतो आणि ती गेटवर उभी होती. तिशीची बाई, डोक्यावर टोपली. आमच्याकडे किती वर्षं येते, मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. बायकोच घ्यायची. वॉचमन म्हणत होता, "ऊपर से ऑर्डर है, मौसी." तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ओळखीचा माणूस आला ना!

"दादा, तुमी चवथ्या माल्यावरचं ना? सांगा ना याला. पंदरा वर्सां येतंय मी हितं."

मी थांबलो. ती बोलत राहिली. "त्या सिरेलीमदी दावलाय तो माजा बाप हाय बोलतान. माजा बाप! पोशा राया कोली, मोऱ्याचा. उजवा हात गेला तवापासून डाव्या हातान जाली विनीत बसायचा. तसाच मेला. तो पोरां पलविल?" मग जरा हसून म्हणाली, "मनाच कदी कडेवर नाय घेतला त्यान. हातच नव्हता तं."

तिला ठाऊक नव्हतं ती मालिका कुणी लिहिली ते. तिला ठाऊक नव्हतं तो हात कसा गेला ते — किंवा कुणामुळे ते तरी. तिच्यासमोर चौथ्या मजल्यावरचा सभ्य दादा उभा होता. माझ्या एका शब्दाने ते गेट उघडलं असतं. एका शब्दाने.

मी म्हणालो, "ताई, सोसायटीचा नियम आहे. सगळ्यांनाच आहे."

तिने वाद घातला नाही. टोपली उतरवली, कागदात बांधलेला जवळा काढला. "वैनींनी सांगितलावता. घ्या, वर नेवा." आणि गेली. मी तो पुडा घेऊन लिफ्टमध्ये उभा राहिलो. चार मजले. तोच वास, बंद डब्यात, माझ्या हातात. बायकोने वांग्यात घालून केला, आणि मी भाकरीबरोबर खाल्ला. चव लागली. आणखी घेतला.

मालिकेचं दुसरं पर्व करायचंय आता. रियाने पुन्हा फळ्यावर तेच लिहिलंय — तो का मारतो? उद्या माझी पाळी आहे. त्या जुन्या पुस्तिकेतल्या चित्रकाराने उत्तर केव्हाच दिलं होतं, फट ठेवून. शिवली ती मी.

इथपर्यंत लिहिलेलं आज सकाळी दोन्ही ग्रुपवर टाकलं, आता इकडे छापायला पाठवतोय. तिकडे काय उत्तरं आली ते उघडून बघितलेलं नाही. तुम्हीही मला काही म्हणू नका.

ॲम्प्लिफायर सारसोळ्याच्या खाडीत मी टाकला. हूक माझ्या हातात होता. मी हसत होतो. त्या माणसाचं नाव पोशा राया कोळी, गाव मोरा. सुकट विकायचा. त्याने आमचं काहीही नेलं नव्हतं.